नाव, गाव आणि पत्ता

आमच्या अमरावती जिल्ह्यात नांदगावं दोन. नागपूरच्या रस्त्यावरचं नांदगाव पेठ आणि यवतमाळच्या रस्त्यावरचं आमचं नांदगाव खंडेश्वर. शिवाय मनमाडजवळ, नाशिक जिल्ह्यात, रेल्वे स्टेशन असलेलं तिसरं नांदगाव आहेच. माझ्या लहानपणी मुंबईचे मामा पाकिटावर घाईघाईत नुसतं ‘नांदगाव’ लिहीत आणि पत्र गावोगाव हिंडून शिळं होऊन घरी येई. आई मग म्हणे की नाव लिहिलं म्हणजे पत्ता लिहिला असं होत नाही. उलटही प्रकार होता. आमचंच घर कुणाला ‘मास्तरांचं घर’ म्हणून माहीत, तर कुणाला खंडेश्वराच्या देवळाकडून येताना लागणारं ‘चिंचेचं घर’ म्हणून. नावं दोन, घर एक.

ही गंमत एका इंग्रज माणसाने आयुष्यातली कित्येक वर्षं अतिशय गंभीरपणे घेतली. क्रिस्टोफर स्ट्रेची हे त्यांचं नाव. 1975 मध्ये ते वारले. संगणकशास्त्राच्या जगात नाव मोठं, पण बाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. मलाही ठाऊक नव्हतं. माझ्या हातून एक चूक झाली आणि त्या चुकीची कुळकथा शोधता शोधता मी त्यांच्यापर्यंत पोचलो.

गोष्ट 1998 ची. तालुक्यातल्या एका पतसंस्थेसाठी मी हिशेबाचा प्रोग्रॅम लिहून दिला होता. तोवर सगळं रोजकीर्द आणि खतावणीवर चाले. पडद्यावर खिडक्या उघडणारे ‘विंडोज’चे प्रोग्रॅम तेव्हा नवलाचे होते. माझ्या प्रोग्रॅममध्ये सभासदाची एक खिडकी होती, तिच्यात नाव, पत्ता, वारस आणि कर्जाची बाकी दिसे. दुसरी खिडकी हप्ता भरण्याची. दोन्ही एकाच वेळी उघडता येत, याचा मला कोण अभिमान!

एक दिवस एक बाई संस्थेत आल्या. शेतमजुरी करणाऱ्या, शेळ्यांसाठी कर्ज घेतलेल्या. संगणक सांगत होता की त्यांचा मागचा हप्ता आलेलाच नाही आणि त्यावर दंडव्याज चढलं आहे. बाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी घातलेली पावती काढून टेबलावर ठेवली. कारकुनाने पावतीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि पडद्यावर विश्वास ठेवला. संगणक खोटं बोलत नाही, असं त्याने त्यांना समजावून सांगितलं. बाई काही बोलल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांचं ते उभं राहणं मला अजून दिसतं.

सचिवांनी हाताने लिहिलेली रोजकीर्द मागवली. तिच्यात हप्ता जमा होता. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

झालं होतं ते असं. महिन्यापूर्वी त्यांचा पत्ता बदलायचा म्हणून कारकुनाने सभासदाची खिडकी उघडली. तेवढ्यात बाईंनी हप्ता पुढे केला, म्हणून ती तशीच ठेवून त्याने दुसरी खिडकी उघडली. प्रत्येक खिडकी उघडताना त्या खात्याची स्वतःपुरती एक नक्कल काढून घेई. दुसऱ्या खिडकीने तिच्या नकलेत हप्ता वजा केला आणि खातं जतन केलं. मग कारकून पहिल्या खिडकीत परतला, नवा पत्ता लिहिला आणि जतन केलं. पण त्या खिडकीच्या नकलेत बाकी जुनीच होती! नव्या पत्त्याबरोबर तीही जाऊन बसली आणि भरलेला हप्ता पुसला गेला. दोन्ही खिडक्यांवर बाईंचं नाव एकच होतं, त्या नावामागचं खातं मात्र एक राहिलं नव्हतं.

खतावणी दुरुस्त झाली, दंड रद्द झाला. मी घरी येऊन पुस्तकं काढली. तिथून एकेक धागा मागे ओढत गेलो, तर टोकाला हे स्ट्रेची निघाले.

त्यांचं घराणं आपल्याला अगदीच परकं नाही. आजोबा सर रिचर्ड स्ट्रेची हिंदुस्थानात लष्करी इंजिनिअर होते. कालवे, बांधकाम खातं, रेल्वे या सगळ्यांत त्यांचा हात होता. 1876 ते 78 च्या भयंकर दुष्काळानंतर सरकारने जो दुष्काळ आयोग नेमला त्याचे ते अध्यक्ष. आयोगाचा अहवाल 1880 मध्ये आला आणि त्यातून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता तयार झाल्या. 1899–1900 चा दुष्काळ वऱ्हाडाला किती भोवला हे जुन्या माणसांच्या तोंडून ऐकलेले अजून आहेत. तेव्हा सरकारी कामं कधी काढायची आणि मजुरी किती द्यायची, हे ठरवणाऱ्या नियमांचं मूळ या आजोबांच्या अहवालात होतं. ते नियम माणसं वाचवायला पुरले का, हा वेगळा आणि कडू विषय आहे.

रिचर्ड यांचे एक चिरंजीव म्हणजे चरित्रकार लिटन स्ट्रेची, दुसरे फ्रॉइडचं साहित्य इंग्रजीत आणणारे जेम्स. तिसरे ऑलिव्हर. त्यांनी काही वर्षं ईस्ट इंडियन रेल्वेत नोकरी केली, ती सोडून ते मायदेशी गेले आणि पुढे दोन्ही महायुद्धांत शत्रूचे गुप्त संदेश उलगडण्याचं काम केलं. त्यांच्या पत्नी रे या स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतल्या खंद्या कार्यकर्त्या आणि तिच्या इतिहासकार. या दांपत्याच्या पोटी 16 नोव्हेंबर 1916 रोजी लंडनमध्ये क्रिस्टोफर जन्मले. आईची मावशी बर्ट्रांड रसेल यांची पहिली पत्नी. म्हणजे घरात तर्कशास्त्र, साहित्य, गुप्तलिपी आणि चळवळ यांचा नुसता सुकाळ.

अशा घरातल्या मुलाने चमकायलाच हवं होतं, पण तो चमकला नाही. 1935 मध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेला, गणितावरून भौतिकशास्त्राकडे वळला, मध्येच मनाने खचला, वर्ष वाया गेलं आणि पदवी मिळाली ती बेताच्या श्रेणीची. संशोधनाची दारं बंद झाली. युद्धाच्या काळात एका टेलिफोन कंपनीत रेडिओच्या व्हॉल्व्हचं गणित करण्यात दिवस गेले. युद्ध संपल्यावर स्ट्रेची शाळामास्तर झाले, आधी कँटरबरीला आणि 1949 पासून हॅरोच्या प्रसिद्ध शाळेत. पस्तिशी जवळ आली तरी हातात खडू आणि समोर पोरं. आपल्याकडे अशा माणसाकडे पाहून लोक हळहळतात आणि मग विसरून जातात.

पण 1951 च्या जानेवारीत एका मित्राच्या ओळखीने ते लंडनजवळच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत गेले आणि तिथला संगणक त्यांनी पाहिला. मास्तरांनी घरी येऊन त्या यंत्राला सोंगट्यांचा ‘ड्राफ्ट्स’ हा खेळ शिकवायचं मनावर घेतलं. ते यंत्र लहान पडलं. मँचेस्टरला मोठं यंत्र आहे असं कळलं, आणि तिथे होते अॅलन ट्युरिंग, किंग्ज कॉलेजपासूनच्या ओळखीचे. ट्युरिंगनी लिहिलेली त्या यंत्राची पुस्तिका समजायला अवघड म्हणून बदनाम होती. मास्तरांनी शाळा सांभाळून ती वाचून काढली.

पुढचा प्रसंग माझ्या फार आवडीचा. त्यांनी हजाराहून जास्त आज्ञांचा प्रोग्रॅम लिहून आणला. त्या यंत्रावर तोवर एवढा लांबलचक प्रोग्रॅम कुणी चालवला नव्हता. यंत्र कसं वापरायचं हे ट्युरिंगनी थोडक्यात सांगितलं आणि ते निघून गेले. रात्रभर एकटे मास्तर आणि खोलीभर पसरलेलं ते यंत्र. सकाळपर्यंत प्रोग्रॅम चालला, इतकंच नव्हे तर शेवटी यंत्राच्या भोंग्यातून इंग्लंडचं राष्ट्रगीत वाजलं! त्याच वर्षी त्या यंत्राच्या गाण्यांचं ध्वनिमुद्रणही झालं. ते 2016 मध्ये दुरुस्त करण्यात आलं आणि आज कुणालाही ऐकता येतं. सूर जरा चिरका आहे, पण चाल ओळखू येते.

त्या रात्रीनंतर त्यांना मास्तरकीत कुणी राहू दिलं नाही. 1952 मध्ये ते सरकारच्या संशोधन विकास महामंडळात रुजू झाले. सोंगट्यांचा खेळ त्याच वर्षी पुरा खेळून झाला. त्याच सुमारास त्यांनी यंत्राकडून प्रेमपत्रंही लिहवून घेतली. लाडिक विशेषणांची आणि नामांची यादी द्यायची, यंत्राने चिठ्ठ्या टाकल्यासारखे शब्द उचलायचे, खाली सही मँचेस्टरच्या संगणकाची. त्या पत्रांत भावना किती होती कोण जाणे, पण आज यंत्रं पानंच्या पानं लिहितात तेव्हा त्यांच्या या खापरपणजीची आठवण यायला हरकत नाही.

मग कामांची रांग लागली. कॅनडात टोरोंटोला जाऊन सेंट लॉरेन्स नदीच्या जलमार्गाची किचकट आकडेमोड, ‘पेगॅसस’ नावाच्या संगणकाची अंतर्गत रचना वगैरे. 1959 च्या जूनमध्ये पॅरिसला युनेस्कोची परिषद भरली. तिथे त्यांनी ‘टाइम शेअरिंग’वर निबंध वाचला. संगणक तेव्हा सोन्याच्या भावाचा. माणूस विचार करत बसला की यंत्रही रिकामं बसे. एक जण समोर बसून आपला प्रोग्रॅम तपासत असताना त्याच यंत्राने मधल्या वेळात दुसऱ्यांची कामं उरकावीत, अशी त्यांची कल्पना. त्याच सुमारास अमेरिकेत जॉन मॅकार्थी हेच शब्द वापरत होते, पण अनेक माणसांनी एकाच वेळी यंत्रासमोर बसावं या अर्थाने. पुढे हा शोध पहिला कुणाचा यावर बरीच शाई खर्च झाली. नाव एक आणि वस्तू दोन, आमच्या नांदगावांसारखंच!

त्याच वर्षी नोकरी सोडून ते स्वतंत्र सल्लागार झाले. लंडनच्या घरातूनच काम करत आणि पीटर लँडिन नावाच्या तरुणाला त्यांनी पदरच्या पैशाने मदतनीस म्हणून ठेवला. सल्ल्याच्या कामापेक्षा हा तरुण संगणकाच्या भाषांचं गणितच जास्त करी, आणि मालकाला तेच हवं होतं. 1962 पासून केंब्रिज आणि लंडन या दोन विद्यापीठांनी मिळून ‘सीपीएल’ नावाची एक नवी भाषा रचायला घेतली, त्यात स्ट्रेची प्रमुख. ती भाषा कधी धडपणे पुरी झाली नाही. पण तिची मार्टिन रिचर्ड्स यांनी केलेली सुटसुटीत आवृत्ती म्हणजे ‘बीसीपीएल’, तिच्यावरून अमेरिकेत ‘बी’ आणि 1972 च्या सुमारास ‘बी’वरून ‘सी’ निघाली. मी पतसंस्थेचा प्रोग्रॅम लिहिला तो या ‘सी’च्या वारसदार भाषेत, ‘सी प्लस प्लस’मध्ये. म्हणजे माझी चूक याच घराण्याच्या अंगणात झाली होती.

आणि इथेच त्यांचा नाव–पत्त्याचा विचार येतो. स्वयंपाकघरातलंच उदाहरण घेऊ. आई सांगते, साखरेच्या डब्यात नवी साखर ओत. थोड्या वेळाने म्हणते, चहात दोन चमचे साखरेच्या डब्यातली टाक. दोन्हीकडे डब्याचंच नाव. पण पहिल्या वेळी तिला डब्याची जागा हवी आहे आणि दुसऱ्या वेळी डब्यात जे आहे ते. घरात कुणाचा गोंधळ होत नाही, यंत्राचा होतो. नवी बाकी म्हणजे जुनी बाकी वजा हप्ता, असं लिहिताना ‘बाकी’ हा शब्द डावीकडे आला की जागा सांगतो आणि उजवीकडे आला की आतला आकडा. स्ट्रेची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यांना डावं मूल्य आणि उजवं मूल्य अशी साधी नावं दिली. ‘सी’ भाषेच्या पुस्तकांत ती ‘एल-व्हॅल्यू’ म्हणून अजून भेटतात.

1967 च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनच्या उन्हाळी वर्गात त्यांनी व्याख्यानं दिली, त्यांत याचा पुढचा पल्ला गाठला. दोन नावांची उजवी मूल्यं सारखी असणं वेगळं आणि दोन नावांची जागाच एक असणं वेगळं. पहिल्या प्रकारात एकात बदल केला तर दुसऱ्याला पत्ता नसतो. दुसऱ्या प्रकारात एकाने केलेला बदल दुसऱ्याला आपोआप दिसतो. शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही. दोन भावांकडे पाण्याने भरलेले दोन रांजण असणं आणि दोघांच्या नावावर एक सामाईक विहीर असणं यांत काय फरक आहे, हे उन्हाळ्यात कळतं. सामाईक विहिरीत एकाने मोटर लावली की दुसऱ्याची पातळी खाली जाते. भाषेने माणसाला निवड करू द्यावी की इथे नक्कल हवी की जागा, आणि काय निवडलं ते स्पष्ट लिहायला लावावं, हा स्ट्रेचींचा आग्रह. मला वाटतं तो आग्रह गणितापेक्षाही शहाणपणाचा होता.

माझ्या दोन खिडक्यांना मी नकळत दोन रांजण दिले होते. दुरुस्ती म्हणून मी त्यांना एका विहिरीवर आणलं. संगणकाच्या स्मृतीत खातं एकच ठेवलं आणि दोन्ही खिडक्यांकडे त्याच्या जागेची चिठ्ठी दिली. या चिठ्ठीला ‘पॉइंटर’ म्हणतात. हप्ता भरला, पत्ता बदलला, कोणत्याही क्रमाने जतन केलं तरी बाकी बरोबर. मी खूश.

चार दिवसांत नवी भानगड. एक खिडकी बंद झाली की जाताना तिने खात्याची जागाही मोकळी करून टाकायची, असं मीच लिहून ठेवलं होतं. नक्कल होती तोवर ते ठीक होतं. आता दुसरी खिडकी हातात चिठ्ठी घेऊन त्या जागी जाई, तर तिथे भलतंच काहीतरी. कधी आकड्यांच्या जागी चिन्हं, कधी सगळा प्रोग्रॅमच कोसळे. विहीर बुजवण्याचा हक्क कुठल्याच एका भावाकडे नको, हे ध्यानात आल्यावर खात्यांचा एक स्वतंत्र राखणदार लिहिला. खिडक्यांनी त्याच्याकडून चिठ्ठी घ्यायची आणि जाताना परत करायची. शेवटची चिठ्ठी परत आली की मगच जागा मोकळी. आणि खात्यात काही बदललं की ज्यांच्या हाती चिठ्ठ्या आहेत त्या सगळ्यांना राखणदाराने आवाज द्यायचा, नाहीतर खातं नवं आणि पडद्यावर आकडा जुना. असं करून करून ते मार्गी लागलं. हे सगळं शहाण्या लोकांनी कधीच शोधून ठेवलं होतं. 1979 मध्ये कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत ट्रिग्वे रीन्स्काउग या नॉर्वेच्या गृहस्थांनी मूळ वस्तू वेगळी आणि तिच्याकडे पाहणाऱ्या खिडक्या वेगळ्या, अशी मांडणी करून दाखवली होती. मला ते रात्री जागून पुन्हा शोधावं लागलं.

स्ट्रेचींनी मात्र अशा खिडक्यांवर काम केलं नाही. 1960 च्या दशकाच्या मध्याला ते ऑक्सफर्डला गेले. तिथे त्यांनी प्रोग्रॅमिंग संशोधन गट उभा केला. 1969 मध्ये तर्कशास्त्रज्ञ डेना स्कॉट तिथे आले आणि प्रोग्रॅमचा अर्थ काटेकोर गणितात मांडण्याची पद्धत दोघांनी मिळून घडवली. पण नुसत्या कागदावर ते रमले नाहीत. जो स्टॉय या सहकाऱ्यासोबत त्यांनी ‘ओएस-6’ नावाची लहानशी कार्यप्रणाली ‘बीसीपीएल’मध्ये लिहिली. 1973 मध्ये झेरॉक्सच्या त्याच प्रयोगशाळेत ‘अल्टो’ हा यंत्रांतला पूर्वज तयार झाला. उंदीर म्हणजे माउस आणि पडद्यावरच्या खिडक्या तिथून जगभर पसरल्या. त्या ‘अल्टो’च्या कार्यप्रणालीतल्या काही कल्पना ‘ओएस-6’वरून उचललेल्या होत्या. तर खिडक्यांच्या घराच्या पायाला स्ट्रेचींचे दगड आहेत.

1971 मध्ये ऑक्सफर्डने त्यांना प्राध्यापक केलं. बेताच्या श्रेणीत पास झालेला शाळामास्तर चोपन्नाव्या–पंचावन्नाव्या वर्षी प्राध्यापक झाला! लग्न केलं नाही. लिहून छापण्याचा मात्र भारी कंटाळा. मनासारखं होईपर्यंत द्यायचं नाही, आणि मनासारखं होत नसे. कोपनहेगनची व्याख्यानं संग्रहात छापायची होती, तीही तेव्हा राहून गेली. त्यांच्या टंकलिखित प्रती हातोहात फिरत राहिल्या, लोक त्यातून शिकले आणि आपापल्या लेखांत कल्पना वापरत गेले. दुसऱ्याच्या नावाने आपली वस्तू वावरताना पाहून त्यांना काय वाटत असेल? मला स्वतःला या त्यांच्या सवयीचा थोडा राग येतो. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर हॅरोच्या मास्तरांनी चालवून घेतलं नसतं.

आयुष्याच्या शेवटी रॉबर्ट मिल्न या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनी एका पारितोषिकासाठी मोठा प्रबंध लिहिला. त्याचं पुस्तक करायचं चाललं होतं. तेवढ्यात कावीळ झाली. जरा बरे झालेसे वाटले, पुन्हा दुखणं उलटलं आणि 18 मे 1975 रोजी यकृताच्या संसर्गाने ते गेले. वय अठ्ठावन्न. पुस्तक मिल्न यांनी पुरं केलं, ते 1976 मध्ये दोघांच्या नावाने निघालं.

कोपनहेगनची व्याख्यानं अखेर एका संशोधनपत्रिकेने 2000 मध्ये छापली, तेहतीस वर्षांनी. पुढे एका मित्राने त्यांची झेरॉक्स मला पाठवली. पाकिटावर त्याने गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड सगळं नीट लिहिलं होतं, ते तीन दिवसांत आलं. जागा आणि सामाईक नावांचा भाग आला तिथे समासात मी पेन्सिलीने बाईंचा खाते क्रमांक लिहून ठेवला. तो अजून तिथे आहे.